सेंद्रिय मालाचा जादा भाव : ग्राहक तो कशासाठी देतो व शेतकऱ्याने तो कसा राखावा

शहरातील बाजारात एकाच जातीची, एकाच दिवशी तोडलेली भेंडी दोन टोपल्यांत मांडलेली असते. दोन्हींचा रंग सारखा, आकार सारखा, कोवळेपणाही सारखाच. तरीही एका टोपलीतील भेंडीस दुसरीच्या सव्वापट किंवा दीडपट भाव सांगितला जातो, आणि तो देणारे गिऱ्हाईकही मिळते. जो माल डोळ्यांना निराळा दिसत नाही, त्यास गिऱ्हाईक जादा पैसे कशासाठी मोजते, असा प्रश्न शेतकऱ्यास पडणे साहजिक आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. रासायनिक खते व कीटकनाशके सोडून सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याचा सारा हिशेब या जादा भावावर उभा असतो. हा भाव कशामुळे मिळतो हे नीट ध्यानात आले नाही, तर तो टिकविताही येत नाही. सबब, जादा भाव देणाऱ्या ग्राहकाचे मन शेतकऱ्याने व त्यास सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

मालाच्या गुणांचे तीन प्रकार

ग्राहक माल घेताना त्याचे गुण कसे ओळखतो, याचा अर्थशास्त्रज्ञांनी विचार केला आहे. 1970 साली फिलिप नेल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मालाच्या गुणांचे दोन प्रकार सांगितले. काही गुण घेण्यापूर्वीच पाहून कळतात. वांगे किडके आहे की निरोगी, ज्वारीचा दाणा टपोरा आहे की बारीक, हे पारखून घेता येते. दुसऱ्या प्रकारचे गुण वापरल्यावर कळतात. कलिंगड गोड निघाले की नाही हे कापून खाल्ल्यावर समजते, आणि ते फिके निघाले तर गिऱ्हाईक पुढल्या खेपेस त्या विक्रेत्याकडे जात नाही.

1973 साली मायकेल डार्बी व एडी कार्नी या दोघांनी यांत तिसऱ्या प्रकाराची भर घातली. काही गुण असे असतात की ते घेण्यापूर्वी दिसत नाहीत व वापरल्यानंतरही कळत नाहीत. ग्राहकास त्यांविषयी केवळ विश्वास ठेवावा लागतो. मालाचे सेंद्रियत्व हा या तिसऱ्या प्रकारचा गुण होय. भाजी शिजविली, खाल्ली, पचविली, तरी ती कोणत्या शेतात, कोणते खत घालून, कोणती फवारणी टाळून पिकविली हे ग्राहकास उमजत नाही. प्रयोगशाळेतील तपासणीने कीटकनाशकांचे अवशेष सापडू शकतात. परंतु पिकास युरिया घातला होता की शेणखत, हे अशा तपासणीतून ठरत नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. सेंद्रिय मालाचा जादा भाव हा केवळ मालाचा भाव नाही. माल शेतात ज्या रीतीने पिकला, त्या रीतीविषयी शेतकऱ्याने दिलेल्या शब्दाचा तो भाव आहे.

ग्राहकाच्या मनातील कारणे

जादा पैसे देणाऱ्या ग्राहकाची कारणे एकच नसतात. त्यांतील सर्वांत बळकट कारण आरोग्याचे आहे. अन्नातून विषारी द्रव्ये पोटात जाऊ नयेत ही इच्छा प्रत्येकास असते. विशेषतः घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा आजारी माणूस असल्यास ती अधिक तीव्र होते. भाजी स्वच्छ पाण्याने धुतल्यास वरवरचे काही अवशेष निघून जातात. पण आंतरप्रवाही कीटकनाशके वनस्पतीच्या रसात भिनतात व धुण्याने जात नाहीत. जे स्वतःच्या हाताने दूर करता येत नाही, ते मुळातच नसावे म्हणून ग्राहक चार पैसे अधिक देतो.

ही भीती निराधार आहे असे म्हणता येत नाही, व ती अवाजवी वाढवूनही सांगू नये. केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाकडून देशभरातील भाज्या, फळे, धान्ये इत्यादींचे नमुने घेऊन कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी केली जाते. बहुतांश नमुने ठरविलेल्या मर्यादेच्या आत असतात. थोड्या नमुन्यांत मर्यादा ओलांडलेली आढळते, आणि काहींत त्या पिकासाठी शिफारस नसलेली औषधेही आढळतात. ग्राहकास मात्र आपल्या हातातील जुडी कोणत्या नमुन्यांपैकी आहे हे सांगता येत नाही.

दुसरे कारण चवीचे व ताजेपणाचे आहे. सेंद्रिय माल बहुधा लहान प्रमाणावर व जवळच्या शेतातून येतो. गावठी टोमॅटो, देशी काकडी, हातसडीचा तांदूळ यांची चव अनेकांच्या परिचयाची असते. ही चव पुष्कळदा सेंद्रिय पद्धतीपेक्षा पिकाच्या वाणामुळे व ताजेपणामुळे आलेली असते. तथापि ग्राहकाच्या मनात या गोष्टी एकत्र नांदतात.

तिसरे कारण जमीन, पाणी व माणसे यांच्याविषयीच्या आस्थेचे आहे. 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हवाई फवारणी झालेल्या एंडोसल्फान या कीटकनाशकाचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व 2011 साली न्यायालयाने त्याचे उत्पादन, विक्री व वापर यांस देशभर मनाई केली. अशा घटना वाचलेला ग्राहक केवळ आपल्या ताटाचा विचार करीत नाही. ते ताट भरणाऱ्या माणसाचाही करतो.

चौथे कारण प्रतिष्ठेचे आहे, हेही मान्य केले पाहिजे. काही ग्राहक शेजाऱ्यांप्रमाणे किंवा फॅशन म्हणून सेंद्रिय माल घेतात. अशा गिऱ्हाइकांवर कायमचा भरवसा ठेवता येत नाही. भाव चढले किंवा हौस फिटली की ती प्रथम दूर होतात. आरोग्यासाठी घेणारे गिऱ्हाईक मात्र, त्याचा विश्वास टिकला तर, वर्षानुवर्षे बांधलेले राहते.

शास्त्रीय संशोधन काय सांगते

सेंद्रिय मालाचे गुण सांगताना शास्त्राचा आधार सुटू देऊ नये. 2012 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळजवळ 240 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सेंद्रिय अन्न नेहमीच्या अन्नापेक्षा ठळकपणे अधिक पौष्टिक असते, असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र कीटकनाशकांचे अवशेष सापडण्याचे प्रमाण सेंद्रिय मालात सुमारे 7 टक्के, तर नेहमीच्या मालात सुमारे 38 टक्के आढळले. मर्यादेहून अधिक अवशेष दोन्ही प्रकारांत क्वचितच होते.

2014 साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली 343 शोधनिबंधांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय पिकांमध्ये काही उपयुक्त वनस्पतिजन्य द्रव्यांचे प्रमाण अधिक, व कॅडमियम या घातक धातूचे प्रमाण कमी आढळले. नेहमीच्या पिकांत कीटकनाशकांचे अवशेष सापडण्याचे प्रमाण सेंद्रिय पिकांच्या सुमारे चौपट होते.

दोन्ही आढाव्यांत पौष्टिकतेविषयी मतभेद असले, तरी एका गोष्टीवर एकवाक्यता आहे : सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अवशेष कमी वेळा सापडतात. शेतकऱ्याने ग्राहकास एवढेच सांगावे. सेंद्रिय भाजीने मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो, अशी जाहिरात कोणी करू नये. ती खोटी ठरते, आणि खोटे एकदा उघडकीस आले की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

विश्वास कसा उभा राहतो

विक्रेता ओळखीचा असेल तर त्याचा शब्द पुरतो. गावातील माणूस शेजाऱ्याच्या मळ्यातील भाजी घेतो तेव्हा त्यास प्रमाणपत्र लागत नाही. मळा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. शहरातील ग्राहकास मळा दिसत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या शब्दाच्या जागी तिऱ्हाइताची साक्ष लागते. प्रमाणीकरण म्हणजे ही साक्ष होय.

डेन्मार्क या देशाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे 1987 साली सेंद्रिय शेतीसाठी कायदा झाला. पुढे सरकारी तपासणीची खूण म्हणून लाल रंगाचे एक अक्षरचिन्ह सेंद्रिय मालावर छापले जाऊ लागले. तपासणी सरकारी यंत्रणेकडून होत असल्यामुळे लोकांचा त्या चिन्हावर दृढ विश्वास बसला. आज डेन्मार्कमध्ये विकल्या जाणाऱ्या अन्नपदार्थांत सेंद्रिय मालाचा हिस्सा दहा टक्क्यांहून अधिक असून, या बाबतीत तो देश जगात अग्रभागी गणला जातो.

आपल्या देशात प्रमाणीकरणाच्या दोन पद्धती आहेत. पहिली 2001 पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची. तिचे कामकाज अपेडा ही केंद्र सरकारची संस्था पाहते. मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेचा निरीक्षक शेतावर येऊन पाहणी करतो व नोंदी तपासतो. निर्यातीसाठी हीच पद्धत लागते. दुसरी सहभाग हमी पद्धत होय. तीत एकाच किंवा जवळपासच्या गावांतील किमान पाच शेतकरी गट करतात, शपथ घेतात व एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. हिचा खर्च अल्प असून देशातील बाजारपेठेसाठी ती लहान शेतकऱ्यास सोयीची आहे. 2015 साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत याच पद्धतीवर भर दिला गेला.

सेंद्रिय अन्नाविषयीचे केंद्र सरकारचे विनियम 2017 साली झाले व 1 जुलै 2018 पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानुसार वरीलपैकी एका पद्धतीने प्रमाणित झालेला मालच सेंद्रिय म्हणून बाजारात विकता येतो, व त्यावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह लावता येते. आपला माल थेट ग्राहकास विकणाऱ्या लहान उत्पादकास प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे. मात्र त्यास हे चिन्ह वापरता येत नाही.

विश्वास कसा मोडतो

डोळ्यांनी न कळणाऱ्या गुणास जादा भाव मिळतो, तेथे लबाडीस वाव राहतो. अमेरिकेतील मिसूरी राज्यातील एका धान्य व्यापाऱ्याने अनेक वर्षे साधा मका व सोयाबीन सेंद्रिय म्हणून विकले. या धान्याची एकूण विक्री 14 कोटी डॉलरांहून अधिक होती. 2019 साली त्यास दहा वर्षांहून अधिक काळाची कारावासाची शिक्षा झाली. एवढे धान्य विकले जात असता ते केवळ पाहून किंवा जनावरांना खाऊ घालून कोणासही शंका आली नाही. नुकसान मात्र प्रामाणिक शेतकऱ्यांचे झाले. त्यांच्या खऱ्या सेंद्रिय धान्याचा भाव या खोट्या मालाने पडला.

दुसरे उदाहरण आपल्या देशाशी निगडित आहे. भारतात झालेले सेंद्रिय प्रमाणीकरण अमेरिका एका कराराने मान्य करीत असे. 2021 च्या जानेवारीत अमेरिकेच्या कृषी खात्याने हा करार संपविण्याचे जाहीर केले, व 2022 च्या जुलैपर्यंत नवी व्यवस्था करण्यास मुदत दिली. आपल्या देशातील देखरेख पुरेशी नाही, असे त्या खात्याचे म्हणणे होते. त्यानंतर भारतीय उत्पादकांना अमेरिकेच्या नियमांप्रमाणे थेट प्रमाणपत्र घेणे भाग पडले. ज्यांनी कधी एक थेंबही औषध फवारले नव्हते, त्यांच्यावरही हा बोजा पडला.

द्राक्षांचा अनुभवही असाच आहे, जरी ती द्राक्षे सेंद्रिय नव्हती. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेहून अधिक आढळल्यामुळे महाराष्ट्रातून युरोपात गेलेली द्राक्षे अडकून पडली व बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. अवशेषांची काटेकोर तपासणी व प्रत्येक बागेची नोंद यांच्या बळावरच पुढे तो बाजार सावरला. विश्वास एकाने मोडला तरी त्याची किंमत सर्वांना द्यावी लागते, असाच या तिन्ही उदाहरणांचा अर्थ आहे.

जादा भावाचा हिशेब

जादा भाव म्हणजे निव्वळ नफा, असे समजू नये. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात सेंद्रिय पद्धतीने उत्पन्न, पीक व परिस्थिती यांनुसार, 5 ते 34 टक्क्यांनी कमी येते असे आढळले. खाली घेतलेले आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत.

समजा, एका शेतकऱ्यास रासायनिक पद्धतीने 10 क्विंटल धान्य होते व क्विंटलला 5,000 रुपये भाव मिळतो. त्याचे एकूण उत्पन्न 50,000 रुपये होईल. सेंद्रिय पद्धतीने उत्पादन एक पंचमांशाने घटून 8 क्विंटल आले, तर तेवढीच रक्कम हाती येण्यास क्विंटलला 6,250 रुपये भाव मिळावयास हवा. म्हणजे उत्पादनातील एक पंचमांशाची घट भरून काढण्यास भाव सव्वापट लागतो.

शिवाय हा भाव पहिल्या वर्षी मिळत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांस पेरणीपूर्वी सामान्यतः किमान दोन वर्षे, व फळबागांसारख्या बहुवर्षायू पिकांस पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे, जमीन सेंद्रिय पद्धतीखाली असावी लागते. या संक्रमणाच्या काळात उत्पादन घटते, पण भाव साधाच मिळतो. वरील उदाहरणात दरवर्षी 10,000 प्रमाणे दोन वर्षांत 20,000 रुपयांची तूट येते. पुढे क्विंटलला 7,000 रुपये भाव मिळाला, तर 56,000 रुपये हाती येतील. वर्षाला 6,000 रुपये अधिक. आधीची तूट भरून निघण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. खते व औषधे यांवरील खर्च वाचतो, पण खुरपणी, खत तयार करणे व नोंदी यांची मजुरी वाढते. ती शेतकऱ्याने आपल्या शेतापुरती मांडून पाहावी.

या हिशेबावरून दोन गोष्टी उघड होतात. सारी जमीन एकदम सेंद्रिय न करता ज्या तुकड्यावर शेणखत, पाणी व मनुष्यबळ पुरेल तेथून प्रारंभ करावा. आणि पाच-सहा वर्षांच्या कष्टाने कमावलेला भाव एका चोरट्या फवारणीने जाऊ देऊ नये. किडीचा प्रादुर्भाव वाढला की मोह होतो, हे खरे. तथापि त्या एका पिकाचे नुकसान सोसणे हे गटाचे प्रमाणपत्र गमावण्यापेक्षा स्वस्त पडते.

शेतकऱ्याने घ्यावयाची काळजी

शेणखत घातले म्हणजे माल सेंद्रिय झाला, असा समज काही ठिकाणी दिसतो. तो बरोबर नाही. पेरणीपासून विक्रीपर्यंत प्रत्येक पायरीवर पुढील काळजी घ्यावी लागते.

1. बियाणे रासायनिक औषध न चोळलेले असावे. जनुकीय बदल केलेले बियाणे, उदाहरणार्थ बीटी कपाशी, सेंद्रिय शेतीत चालत नाही.

2. शेजारच्या शेतात फवारणी होत असल्यास बांधालगत पुरेशी पट्टी राखून ठेवावी व तेथे उंच पीक किंवा झुडपे लावावीत. या पट्टीतील माल सेंद्रिय म्हणून विकू नये. शेजाऱ्याच्या शेतातून वाहून येणारे पाणी चर खणून वळवावे.

3. फवारणी पंप स्वतंत्र ठेवावा. तणनाशकासाठी वापरलेल्या पंपातून निंबोळी अर्क फवारल्यास आधीचे अवशेष पिकावर येतात.

4. मळणी यंत्र भाड्याने आणले असल्यास ते प्रथम झाडून स्वच्छ करावे. बारदान नवे किंवा स्वच्छ धुतलेले घ्यावे. खताच्या रिकाम्या पोत्यांत धान्य कदापि भरू नये.

5. साठवणीत विषारी धुरीच्या गोळ्या वापरू नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून कोरड्या कणगीत किंवा हवाबंद कोठीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावे. सेंद्रिय व साधा माल एकाच खोलीत एकत्र रचू नये.

6. रोजची नोंदवही ठेवावी. कोणत्या तारखेस, कोणत्या गटक्रमांकात, काय पेरले, काय घातले, किती तोडले व कोणास विकले हे त्याच दिवशी लिहावे. खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आठवणीने मागाहून भरलेली वही तपासनीसाच्या लगेच ध्यानात येते.

ज्यांना सेंद्रिय पद्धत परवडत नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. शिफारस केलेलेच औषध, शिफारशीच्या मात्रेत वापरावे, आणि फवारणी व तोडणी यांमध्ये वेष्टनावर सांगितलेले दिवस जाऊ द्यावेत. असा माल मर्यादेत राहतो व निर्धास्तपणे विकता येतो. मात्र त्यास सेंद्रिय म्हणू नये. ‘अवशेषमुक्त’ व ‘सेंद्रिय’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गट स्थापन करताना संख्येकडे न पाहता परस्परांवरील भरवशाकडे पाहावे. एकमेकांची शेते तपासण्याचे काम मुलाहिजा ठेवून होत नाही. नात्यातील माणसाची चूक झाकली गेली, तर ती उघड होईल त्या दिवशी सारा गट बाद होण्याचा धोका असतो. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने बोलावी. त्याचप्रमाणे संक्रमणाच्या वर्षांतील तुटीचा हिशेब आधीच मांडून दाखवावा. नफ्याची तेवढी बाजू सांगून शेतकऱ्यास गटात ओढू नये.

ग्राहकांना वर्षातून एकदोन वेळा शेतावर बोलवावे. कंपोस्टचा खड्डा, बांधालगतची पट्टी व नोंदवही त्यांना दाखवावी. किडीने खाल्लेली चार पानेही लपवू नयेत. ती कशी आली व त्यावर काय उपाय केला, हे सांगावे. ज्या ग्राहकाने शेत पाहिले आहे तो हंगामात भाव दोन रुपयांनी वर गेला म्हणून दुसरीकडे जात नाही. तो माल घेतो, तसाच आपल्या ओळखीच्या चार घरांनाही त्या शेताचा पत्ता देतो.